बारा ओळींची जागा

त्या हिवाळ्यात माझ्या चौरंगावर दोन पोथ्या होत्या.
ग्रीकांकडून आलेल्या पोथीत ती बाई होती,
पहाटे धरून आणलेली,
भोवती दगड घेतलेले पुरुष.
आमच्या जुन्या पोथीत ती नव्हतीच.
आधीची ओळ संपते, पुढची सुरू होते,
मधे सांधासुद्धा दिसत नाही.

मठाधिपती होवसाप म्हणाले, जुनीच उतरव.
ही गोष्ट खाली गावात गेली
तर उद्या प्रत्येकीची बायको म्हणेल, मलाही सोडा.
(प्रत्येकाची म्हणायचं होतं त्यांना.
कुणी हसलं नाही.)
मखितार बावीस वर्षांचा, दाढी अजून विरळ.
तो म्हणाला, देवाने नियम दगडावर कोरला,
तो शाईने पुसता येत नाही.
एका कानाने बहिरे व्रतानेस बराच वेळ गप्प होते.
मग म्हणाले,
प्रभू खाली वाकून मातीत लिहीत होता म्हणतात,
पण काय लिहीत होता ते एकानेही उतरवून घेतलं नाही.
आणि आपण स्वतःला लेखनिक म्हणवतो.

आठवडाही झाला नसेल, खाली झ्मरूख्तला धरलं.
कातडी कमावणाऱ्या तातोसची बायको.
मिठाच्या व्यापाऱ्याबरोबर, गोठ्यात.
व्यापारी खेचरं हाकत खिंडीपार गेला.
त्याच्यासाठी कुणी पोथी उघडायला सांगितली नाही.

गावचे चौघे बर्फ तुडवत वर आले,
दाढ्यांना हिमाचे लोलक.
शास्त्रात काय लिहिलंय तेवढं सांगा,
आम्ही तसं करू.
किती सोपं वाटत होतं त्यांना, शास्त्रात काय लिहिलंय.

सात रात्री वाद चालला.
मखितारने मोशे काढला, होवसापांनी धर्मसभांचे ठराव,
सात वर्षं चर्चच्या दाराबाहेर उभं करावं,
नाही, पंधरा, नाही, दगडच.
मी मायफळांची शाई शेगडीवर धरून
पातळ करत बसलो होतो.
लेखनिकाला मत नसतं,
बोटं असतात, आणि ती गारठलेली होती.

सातव्या रात्री व्रतानेस म्हणाले,
समजा दगडच ठरले.
आणणार कुठून?
सगळे चार हात बर्फाखाली आहेत.
कुदळीने खणून काढायचे
तर अख्खा दिवस जाईल,
आणि दिवसभर खणताना माणूस विचार करतो.
बर्फ वितळू द्या, मग ठरवू.
त्यांना खरंच तेवढंच म्हणायचं होतं का,
की बहिरेपणासारखं हेही
त्यांना सोयीनुसार यायचं,
मला अजून कळलेलं नाही.

मी त्या पानावर आलो.
चर्मपत्र उजेडात धरलं तर
कडेला एक फाट, बारीक टाक्यांनी शिवलेली.
आमच्या मठाला कातडी तातोसकडूनच येतात
आणि तासायची ती.
जोर जास्त पडला असेल त्या दिवशी,
मग तिने कातडं वाया जाऊ न देता
तुटलेल्या कडा ओढून घेतल्या,
अकरा टाके, मेणाचा दोरा.
मी आधीची ओळ लिहिली.
बारा ओळी सोडल्या.
पुढची ओळ लिहिली.

होवसापांनी त्या कोऱ्या जागेवरून बोट फिरवलं.
हे काय?
म्हटलं, कातडं खराब होतं, शाई फुटली असती.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
पान उलटलं.

बर्फ वितळला. शेतांतून दगड वर आले,
दरवर्षी येतात तसे,
लोकांनी ते वेचून बांधावर टाकले
आणि बार्ली पेरली.
ठरवायचं राहिलं होतं याची आठवण
कुणी करून दिली नाही,
मखितारनेही नाही.
क्षमा याला म्हणत नसावेत.
तातोस त्यानंतर तिच्याशी कधी बोलला नाही,
पाण्यावर बायका तिची घागर पुढे येऊ देत नाहीत.
पण वैशाखात ती कातड्यांचा भारा घेऊन वर आली,
दाराशी ठेवला,
पैसे मोजून घेतले, एक नाणं खोटं निघालं
ते परत केलं.

पोथी पूर्ण झाली. दूर कुठल्या मठात गेली.
तिथलं कुणी त्या पानावर थांबेल,
म्हणेल, लेखनिक आळशी होता.
म्हणू दे.
टाके मात्र बोटाला लागतील.